सोंगटी रंगवा, पण तास मोजून

लहान मूर्ती मजुरीवर रंगवून देण्याचा जोडधंदा : कोणी करावा, कसा करावा, दर कसा ठरवावा



जोडधंदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोन म्हशी, शंभर कोंबड्या किंवा दहा शेळ्या येतात. ते धंदे चांगलेच आहेत आणि या पानावर त्यांच्याविषयी पुष्कळ लिहूनही येते. आज मात्र एका वेगळ्याच धंद्याची माहिती देणार आहे. त्याला गोठा लागत नाही, चारा लागत नाही, पाणीही दोन वाट्या पुरते. लागतो तो स्थिर हात, चांगला उजेड आणि हिशेबाची वही. लहान लहान मूर्ती, बाहुल्या आणि खेळातल्या सोंगट्या गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे रंगवून देण्याचा हा धंदा आहे.

विष्णुपुरीच्या आसपास गोदावरीचे पाणी ज्यांच्या शेताला पोहोचते त्यांच्याकडे ऊस, केळी, हळद उभी असते आणि बारा महिने काम असते. पाणी न पोहोचणारांचे तसे नाही. सोयाबीन निघाले, कापूस वेचून झाला की जूनपर्यंत रान रिकामे आणि माणूसही रिकामा. त्या घरातल्या एखाद्या पोराने एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात. एखाद्या मुलीने एटीडी करून चित्रकला शिक्षकाच्या जागेची वाट पाहण्यात वर्षे घालवलेली असतात. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी जुना पेंटर आहे. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचे नाव, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार हे सारे त्याच्या हातचे. फ्लेक्स आला आणि त्याचा ब्रश डब्यात वाळून गेला. हा लेख मुख्यतः अशा हातांसाठी आहे.

हा काय धंदा आहे ?

युरोप-अमेरिकेत टेबलावर मांडून खेळायचे लढाईचे खेळ आहेत. आपल्या बुद्धिबळासारखेच समजा. फक्त प्यादी, उंट, घोडे यांच्या जागी ढाल-तलवारीचे शिपाई, राक्षस, जादूगार, उडते अजगर अशा सोंगट्या असतात. एक शिपाई साधारण २८ मिलिमीटर उंच, म्हणजे आपल्या बोटाच्या एका पेरापेक्षा थोडा मोठा. प्लास्टिकच्या, धातूच्या किंवा रेझिनच्या या सोंगट्या बिनरंगाच्या विकल्या जातात. रंगवायच्या ज्याने त्याने.

हे वेड आजचे नाही. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे पुस्तक १९१३ मध्येच लिहिले होते. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. १९७५ मध्ये इंग्लंडात ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी सुरू झाली, तिने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आणला आणि पुढे नॉटिंगहॅम शहरात आपले ठाणे मांडले. सोंगट्या विकणारी ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. यावरून या छंदाचा पसारा ध्यानात यावा.

आता तुम्ही म्हणाल, याच्याशी आपला काय संबंध ? संबंध असा, की सोंगट्या विकत घेणाऱ्या सगळ्यांना त्या रंगवायला येत नाहीत, वेळही नसतो. शंभर शिपायांचे सैन्य रंगवायला नोकरदार माणसाला वर्ष लागते. म्हणून मजुरीवर रंगवून देणारी लहान लहान दुकाने निघाली. आपल्या शेजारी श्रीलंकेतही परदेशी गिऱ्हाइकांच्या अशा मूर्ती हाताने रंगवून परत धाडणारे व्यवसाय उभे राहिले. आपल्या देशात पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांत या खेळांचे शौकीन आहेत. संख्या फार नाही हे आधीच सांगून ठेवतो. पण ज्याला हवे असते तो शोधत येतो आणि काम आवडले की परत परत येतो.

आपल्या मातीतले दोन दाखले

रंगवलेली सोंगटी आपल्याकडे नवी नाही. गंजिफाचा खेळ बाबराच्या काळापासून या देशात नोंदलेला आहे. १५२७ साली त्याने एका मित्राला गंजिफा पाठवल्याचे त्याच्या आत्मचरित्रात आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीला या गंजिफा हाताने रंगवत. दशावतारी गंजिफाचा एक संच म्हणजे १२० गोल पाने. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पाने. प्रत्येक पान वेगळे आणि प्रत्येकावर बारीक ब्रशाचे काम. एकाच हाताने, एकाच छटेत १२० पाने काढायची म्हणजे काय ते रंग हातात घेतलेल्यालाच कळेल.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा खेळणारे संपले. खेळणारे संपले तसे रंगवणारेही संपत आले. १९७० च्या सुमारास सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ही विद्या शिकून घेतली, राजवाड्यातच कारखाना घातला आणि नवी पोरे तयार केली. तिथे आजही कारागीर बसून रंगवताना पाहायला मिळतात. यातली धंद्याची गोष्ट ध्यानात घ्या. खेळणारा गिऱ्हाईक परत आला नाही. तो येणारही नव्हता. नवा गिऱ्हाईक संग्रह करणारा आणि भेट देणारा होता. वस्तू तीच ठेवून गिऱ्हाईक बदलला, म्हणून कला टिकली.

दुसरा दाखला तर आपल्या शिवेवरचा आहे. नांदेडहून भोकर, भैंसामार्गे गेले की तेलंगणातले निर्मल लागते. १९५६ पर्यंत नांदेड आणि निर्मल एकाच हैदराबाद राज्यात होते आणि भैंसा-मुधोळ भागात आजही मराठी घरोघरी बोलली जाते. निर्मलचे नकाश कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची फळे, पक्षी, प्राणी, माणसे घडवतात. तुकडे जोडायला चिंचोक्याचे पीठ आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा, वर पांढऱ्या मातीचा हात आणि मग रंग. कारागिरांची सहकारी संस्था आहे, भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तरी त्यांची खरी अडचण निराळीच : पोनिकीची झाडे जंगलात कमी होत चालली. माल चांगला आहे, मागणी आहे, पण कच्च्या मालाची दोरी दुसऱ्याच्या हातात. तुम्ही हा धंदा मांडाल तेव्हा पहिल्या दिवशी हा प्रश्न विचारा : माझा रंग, ब्रश आणि मूर्ती कुठून येणार, आणि तिथला पुरवठा थांबला तर दुसरा कोण ? सवड काढून एकदा निर्मलला जाऊन या. नुसते पाहण्यानेही पुष्कळ शिकायला मिळते.

सुरुवात घराजवळून

परदेशी अजगर रंगवण्याआधी गावात काय रंगवायचे आहे ते पाहा. आपल्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. कितीतरी घरांत मुखवटे पिढीजात असतात. रंग उडालेला, ओठ पुसट झालेले, डोळा फिकट पडलेला. माणसे ते रंगवायला कुणाकडे द्यावे म्हणून विचारत फिरतात. हे मागणीबरहुकूम कामच आहे. पोळ्याला मातीचे बैल लागतात. बाजारात चुन्यात बुडवल्यासारखे बैल मिळतात. झूल, बाशिंग, शिंगांचा रंग नीट काढलेली जोडी दिसली तर चार पैसे जास्त देणारा निघतो. गणपतीच्या दिवसांत मूर्तिकाराकडे डोळे लिहायला हात कमी पडतात.

या कामात तीन गोष्टी शिकून होतात : तारीख पाळणे, गिऱ्हाइकाच्या मनातला रंग ओळखणे आणि दुसऱ्याची वस्तू जपून हाताळणे. देवीचा मुखवटा हातातून पडला तर पैशाने भरून निघत नाही. असे काम घेताना आधी फोटो काढावा, कुठे टवका उडालेला आहे ते घरच्यांना दाखवून वहीत लिहावे, मगच ब्रश लावावा.

काम कसे करावे

लहान सोंगटी रंगवण्याची पद्धत थोडक्यात अशी आहे :

१) साच्याची रेघ काढणे. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर जोडाची बारीक रेघ असते. ती धारदार पात्याने हळूच खरवडून काढावी. ही रेघ राहिली तर वरचा रंग कितीही चांगला असला तरी काम कच्चे दिसते.

२) धुणे. साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर वर राहिलेला असतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना दातांचा ब्रश. पूर्ण वाळू द्यावी.

३) अस्तर. काळे, पांढरे किंवा राखाडी. अस्तर नसेल तर रंग धरत नाही. स्प्रे मारताना दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर नाक-डोळे बुजून जातात.

४) मूळ रंग. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग पातळ करून दोन हात. घट्ट रंगाचा एक हात कधीही देऊ नये. दहा शिपाई असतील तर दहाही जणांचे अंगरखे आधी, मग दहाही जणांचे बूट, असे करावे. रोपवाटिकेत आपण एकेक रोप पूर्ण करत नाही, सगळे ट्रे एकदम भरतो, तसे. मात्र एका वेळी दहापेक्षा जास्त घेऊ नयेत. कंटाळा येतो आणि कंटाळा कामात दिसतो.

५) पातळ काळसर हात. अगदी पातळ गडद रंग फिरवला की तो खाचांमध्ये जाऊन बसतो आणि सावली आपोआप तयार होते.

६) उजेड. कडांवर, उंचवट्यावर त्याच रंगाची फिकट छटा. केस, लोकर, साखळीचे चिलखत यांवर जवळजवळ कोरडा ब्रश अलगद फिरवला तरी काम भागते.

७) डोळे. आधी पांढरे, मग काळा ठिपका. हा ठिपका वरच्या आणि खालच्या पापणीला टेकला पाहिजे. मधोमध सुटा ठेवला तर शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो.

८) बैठक आणि वॉर्निश. पायाखालच्या चकतीला डिंक लावून चाळलेली वाळू, वर मातकट रंग. शेवटी चमक नसलेल्या वॉर्निशचा हात. खेळताना हात लागून रंग जाऊ नये म्हणून हा हात आवश्यक आहे.

सोंगटी कधी बोटात धरून रंगवू नये, हाताचा घाम रंगाला लागतो. औषधाची रिकामी बाटली घ्या, झाकणावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा आणि त्यावर सोंगटी उभी करा. धरायला मूठ तयार.

सरावाला जत्रेत मिळणारे मऊ प्लास्टिकचे शिपाई स्वस्त पडतात. पण ते वाकतात आणि वाकले की रंगाचे पापुद्रे निघतात. असे शिपाई गिऱ्हाइकाला रंगवून देऊ नयेत. बुद्धिबळाची लाकडी प्यादी आणि पोळ्याचे बैल सरावाला अधिक चांगले.

आपल्या हवेचे काय ?

हा मुद्दा मुद्दाम सांगतो. नांदेडला मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात स्प्रेचे अस्तर मूर्तीवर पोहोचायच्या आधीच हवेत वाळते आणि भुकटीसारखे बसते. हात लावला तर खरखरीत लागते. ॲक्रिलिक रंग ताटलीत पाच मिनिटांत आळतो. पावसाळ्यात उलट होते. दमट हवेत वॉर्निश मारले तर काळ्या रंगावर दुधी धुके येते आणि आठ दिवसांचे काम वाया जाते.

त्यावर उपाय असे : उन्हाळ्यात अस्तराचे काम पहाटे उरकावे. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर ओलसर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवला तर रंग कितीतरी वेळ ओला राहतो. पावसाळ्यात स्प्रे टाळून वॉर्निश ब्रशाने द्यावे आणि आधी एका टाकाऊ तुकड्यावर पाहावे. सर्वांत चांगला काळ दिवाळी ते होळी. कोरडवाहू शेतकऱ्याचा रिकामा काळही साधारण तोच आहे. मोठी कामे याच दिवसांत घ्यावीत.

वीज जाते हे धरूनच चालावे. बॅटरीवरचे दोन पांढरे दिवे ठेवावेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, म्हणजे हाताची सावली पडत नाही. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांब पाहावे. चाळिशी लागली असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत, मग रंग आणावा.

तब्येतीविषयी आणखी तीन गोष्टी. ब्रशाला टोक आणायला तो तोंडात धरायची सवय अनेक पेंटरांना असते. ती सोडा, काही रंगद्रव्ये विषारी असतात. जुन्या धातूच्या सोंगट्यांत शिसे असू शकते. अशा कामानंतर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये आणि त्या लेकरांच्या हाती देऊ नयेत. स्प्रे मारताना आणि रेझिन घासताना तोंडाला मास्क हवाच, आणि काम उघड्यावर करावे.

दर ठरवणे : सगळा धंदा इथे आहे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना सरकारी आयोग तीन आकडे काढतो. बियाणे, खत, मजुरी असा रोख खर्च हा पहिला. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की दुसरा. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले की तिसरा. आपण शेतकरी मात्र हिशेब पहिल्या आकड्यावरच संपवतो. घरची माणसे राबली ते फुकट, असे धरून चालतो आणि वर्षाच्या शेवटी पैसा कुठे गेला म्हणून कपाळाला हात लावतो.

रंगाच्या धंद्यात ही सवय नेली तर धंदा बुडालाच म्हणून समजा, कारण इथे रंगाचा खर्च नावापुरता आणि सगळी किंमत तासांची असते. उदाहरणादाखल दहा शिपायांचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

जोडणी, रेघ काढणे, धुणे : ३ तास
अस्तर : १ तास
मूळ रंग : ७ तास
काळसर हात आणि उजेड : ५ तास
बैठक आणि वॉर्निश : २ तास
गिऱ्हाइकाशी बोलणे, फोटो, पॅकिंग, पोस्ट : २ तास
एकूण : २० तास

आठ तासांच्या दिवसाला ६०० रुपये धरले तर तासाला ७५ रुपये. वीस तासांचे झाले १५०० रुपये. रंग, ब्रशाची झीज, वॉर्निश यांचे २०० आणि वीज व पॅकिंगचे १५० धरले तर बेरीज १८५०. काही ना काही बिघडते, पुन्हा करावे लागते. त्यासाठी दहा टक्के, म्हणजे १८५ रुपये. एकूण २०३५. एका शिपायाला झाले सुमारे २०५ रुपये.

आता पोरगा काय करतो ? बोटाएवढी तर बाहुली, असे म्हणून शंभर रुपये सांगतो. दहाचे हजार मिळतात. त्यातून वस्तूंचा ३५० रुपये खर्च वजा केला की उरले ६५०. वीस तासांना भागा : तासाला साडेबत्तीस रुपये. तुमच्या गावात रोजंदारीचा दर काय चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आठ तासांचे २६० रुपये त्याच्याशी ताडून पाहा. डोळे मात्र रंगाच्या कामातच जास्त शिणतात.

हाच हिशेब महिन्याचा करू. बारीक काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त होत नाही. जास्त केले तर रेघ हलते. पंचवीस दिवसांचे १२५ तास आणि तासाला ७५ प्रमाणे ९३७५ रुपये. हेसुद्धा रोज काम हाताशी असेल तर. निम्मेच काम मिळाले तर ४७०० च्या आत-बाहेर. यावर एकट्याने संसार चालणार नाही हे स्पष्ट समजून घ्यावे. शेतीला जोड म्हणून, घरबसल्या, रिकाम्या महिन्यांत ही रक्कम वाईट नाही. हात बसला, तेच काम वीसऐवजी चौदा तासांत होऊ लागले, किंवा वरच्या दर्जाचे काम मिळू लागले की तासाचा भाव वाढतो. धंद्याची वाढ अशी मोजावी. ऑर्डरी किती आल्या यावर मोजू नये.

बचत गटातल्या भगिनींना एक विशेष सांगणे. स्वयंपाक उरकून दुपारी दोन तास रंगवले, तर ते दोन तासही वहीत लिहा. बाईच्या वेळेला भाव नाही असे घरात धरले जाते; गिऱ्हाइकानेही तसेच धरावे असे तुम्हाला वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

बोली कागदावर घ्या

कामाचे तीन दर्जे ठरवा आणि प्रत्येकाचा नमुना रंगवून ठेवा. पहिला खेळापुरता : मूळ रंग आणि सावली. दुसरा चांगला : त्यावर उजेड आणि डोळे. तिसरा कपाटात ठेवण्याचा : सगळे बारकावे. गिऱ्हाइकाला नमुना दाखवून दर्जा ठरला की वादाचे मूळच निघून जाते. पहिल्या दर्जाचा पैसा देऊन तिसऱ्या दर्जाचे काम मागणारा प्रत्येक धंद्यात असतो.

पावतीवर एवढे लिहाच : नग किती, दर्जा कोणता, रंग कोणते, बैठक कशी, तारीख कोणती, दर काय, इसार किती, टपालखर्च कोणाचा आणि वाटेत मोडले तर जबाबदारी कोणाची. निम्मी रक्कम इसार म्हणून घेतल्याशिवाय अस्तर लावू नये. पहिली सोंगटी पूर्ण करून फोटो पाठवावा, होकार आला की उरलेल्या नऊंना हात घालावा. काम संपल्यावर पुन्हा फोटो, उरलेली रक्कम आणि मगच पार्सल. ओळखीच्या माणसाशी व्यवहार असला तरी हेच करावे; किंबहुना ओळखीत तर जास्तच.

पॅकिंगला कापूस वापरू नका, त्याचे धागे भाल्याच्या टोकाला अडकतात. डब्यात स्पंजला खाच करून प्रत्येक सोंगटी वेगळी बसवावी.

कायद्याचे थोडे

आजकाल यंत्रावर मूर्ती छापता येतात. विष्णुपुरीत अभियांत्रिकीची संस्था असल्याने अशा यंत्रांची नावे पोरांच्या कानावर असतात. छापायला हरकत नाही; परंतु कंपनीच्या सोंगटीची नक्कल छापून विकणे हा गुन्हा आहे. ज्या आराखड्याचा परवाना घेतलेला आहे तोच छापावा, नाहीतर गिऱ्हाइकाने पाठवलेल्या अस्सल सोंगट्याच रंगवाव्यात. छापलेल्या ओल्या रेझिनला उघडा हात लावू नये.

उद्यम नोंदणी मोफत होते, तेवढी करून घ्यावी. परदेशी माल विकायचा झाला तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो. टपाल खात्याने निर्यातीसाठी डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत, तिथे चौकशी करावी. गिऱ्हाईक परदेशातून सोंगट्या पाठवणार असेल तर सीमाशुल्काचा प्रश्न येतो. तो आधी जाणकाराला विचारून मगच होकार द्यावा.

कर्जाविषयी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांमध्ये पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनवणारे कारागीर आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागाला अनुदान आहे. मात्र माझे सांगणे असे, की या धंद्याला सुरुवातीला कर्ज काढूच नये. दहा-बारा रंग, तीन चांगले ब्रश, दोन दिवे, एक भिंग आणि एक पाते एवढ्यावर पहिले वर्ष निघते. ब्रशात मात्र काटकसर नको. टोक फुटलेल्या स्वस्त ब्रशाने डोळा लिहिता येत नाही.

आधी दहा

हा धंदा सगळ्यांसाठी नाही. ज्याला एका जागी दोन तास बसवत नाही, त्याने शेळ्या पाळाव्यात. ज्याला बसवते, त्याने एवढे करावे : दहा सोंगट्या किंवा दहा मातीचे बैल आणावेत. टेबलावर रंगाशेजारी घड्याळ आणि वही ठेवावी. प्रत्येक हाताला किती वेळ लागला तो लिहावा, चहाला उठलात तर तेवढा वजा करावा. दहाही पूर्ण झाले की वर दिलेल्या पद्धतीने दर काढावा आणि ते दहा नग त्या दराला तीन अनोळखी माणसांना दाखवावेत. तिघांपैकी एकाने जरी पैसे काढले तरी पुढच्या दहाला हात घाला. एकानेही काढले नाहीत, तर गेले ते वीस तास आणि थोडा रंग. शेत मोकळे आहे तोवर पुन्हा दहा रंगवून पाहायला हरकत नाही.